स्थानिक इतिहासाचं संग्रहालय: विषय आधी ठरवायचा की वस्तू आधी गोळा करायच्या?

उंबरठा

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण अडलो आहोत.

गेलं वर्षभर आम्ही सात जण स्थानिक इतिहासाचं एक छोटं संग्रहालय उभं करायच्या खटपटीत आहोत. जागा हातात आली आहे. दोन दालनं, मागे एक कोंदट खोली आणि पुढे ओसरी. वस्तू मात्र आम्ही मागायच्या आधीच यायला लागल्या. कंदील, वजनं, शाळेची हजेरीपत्रकं, एक पायाचं शिलाई मशीन, फोटोंचे अल्बम, कुलूप असलेली पण किल्ली हरवलेली एक ट्रंक. लोक रिक्षातून आणून ओसरीवर ठेवतात आणि "तुमच्याकडे नीट राहील" म्हणून जातात. या विश्वासाचं मनावर फार दडपण येतं.

आमचा आराखडा नऊ विभागांचा होता. प्राचीन काळापासून सुरुवात आणि शेवट आजच्या दिवसाशी. कागदावर तो छान दिसत होता. गेल्या आठवड्यात दालनाच्या फरशीवर खडूने नऊ चौकोन आखले आणि जमलेल्या वस्तू ज्याच्या त्याच्या चौकोनात ठेवून बघितल्या. पहिले तीन चौकोन पूर्ण रिकामे राहिले. शेवटच्या दोनांत पाय ठेवायला जागा उरली नाही. आमच्यातला एक जण म्हणाला, रिकाम्या चौकोनांत चित्रं लावू. दुसरी म्हणाली, मग ते पुस्तक झालं, संग्रहालय कसलं? त्या दिवशी सगळे गप्प होऊन घरी गेलो.

तर विषय कसा ठरवतात? आणि उद्घाटनानंतर ही जागा वर्षानुवर्षं चालवायची कशी? ज्यांनी असं काम जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

मोजपट्टी

उंबरठा, तुम्ही खडूने आखून बघितलंत हे फार बरं केलंत. बरेच जण थेट काचेची कपाटं करून घेतात आणि मग कपाटाच्या मापाचा इतिहास शोधत बसतात.

मी प्रदर्शनांच्या मांडणीचं काम करतो. माझं मत स्पष्ट आहे: कालखंड हा विषय होऊ शकत नाही, ती फक्त क्रमवारी आहे. "आमच्या भागाचा इतिहास" हाही विषय नाही, कारण त्यातून काय वगळायचं ते ठरत नाही. विषय म्हणजे एक प्रश्न. तो असा हवा की तिथे राहणाऱ्या माणसाला त्याचं उत्तर द्यावंसं वाटेल आणि बाहेरून आलेल्याला ते ऐकावंसं वाटेल. "इथे पाणी कुठून यायचं आणि ते कोणाला मिळायचं?" हा प्रश्न घेतलात की भूगोल येतो, सत्ता येते, जात-वर्ग येतो, बायकांचे कष्ट येतात, तंत्रज्ञानही येतं. आणि दारातली गळकी बादलीसुद्धा महत्त्वाची वस्तू होते.

एक उदाहरण मी नेहमी देतो. वॉशिंग्टनच्या अ‍ॅनाकोस्टिया भागात 1967 साली स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालय-संस्थेने एका जुन्या सिनेमागृहात वस्तीचं संग्रहालय सुरू केलं. जॉन किनार्ड त्याचे पहिले संचालक. 1969 साली तिथे प्रदर्शन भरलं ते उंदरांवर, आणि त्यात जिवंत उंदीर ठेवले होते. त्या वस्तीत उंदीर हा रोजचा जाच होता. संग्रहालयाने ते दुखणं इतिहास, आरोग्य आणि घरांची अवस्था यांच्याशी जोडून मांडलं. ज्या लोकांनी संग्रहालयाची पायरी कधी चढली नव्हती, त्यांना तिथे आपलं घर दिसलं. विषय असा हाताशीच असतो, पण आपण तो तोलामोलाचा मानत नाही.

तुमचे पहिले तीन चौकोन रिकामे आहेत कारण त्या काळाबद्दल तुमच्याकडे सांगण्यासारखं काही आलेलं नाही. ते रिकामेच राहू देत. शेवटचे दोन भरून वाहताहेत, तिथे तुमचा विषय दडलाय. त्या ढिगासमोर बसा आणि विचारा, या सगळ्या वस्तू लोकांनी टाकून का दिल्या नाहीत?

आडवाट

मोजपट्टी, थोडा असहमत आहे. क्रम इतका सहज मोडीत काढू नका. मी इतिहास शिकवत नाही, पण माझ्या मुलांकडे बघतो. त्यांना शंभर वर्षांपूर्वीचं आणि पाचशे वर्षांपूर्वीचं यातलं अंतरच जाणवत नाही. सगळं "जुन्या काळी". प्रश्नाभोवती मांडणी केली आणि कधी काय झालं ते कुठेच लागलं नाही, तर मूल बाहेर पडताना हातात काय घेऊन जाणार?

दुसरं, प्रश्न कोण निवडणार? सात जण? सात जणांना जो प्रश्न महत्त्वाचा वाटतो तो बहुधा त्या सात घरांचा असतो.

कंदील

आडवाट यांचा पहिला मुद्दा वर्गात रोज अनुभवते, त्यामुळे +१. उपाय मात्र सोपा आहे. एक संपूर्ण भिंत फक्त काळासाठी ठेवा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणा, समान अंतराने गाठी मारा, एक गाठ म्हणजे दहा वर्षं. दालनातल्या प्रत्येक वस्तूच्या फलकावर गाठीचा क्रमांक लिहा. मुलं वस्तू बघतात आणि धावत जाऊन गाठ शोधतात. मी वर्गात हे केलंय. एका मुलीने आपल्या आजीच्या जन्माच्या गाठीला बोट लावलं, दुसरं बोट स्वतःच्या गाठीला, आणि मधल्या गाठी मोजत बसली. तिला त्या दिवशी अंतर समजलं.

आणि कृपा करून हात लावता येतील अशा थोड्या वस्तू वेगळ्या ठेवा. ज्या एकाहून अधिक आल्या आहेत, मजबूत आहेत, झिजल्या तरी चालतील अशा. त्यांची नोंदही वेगळी ठेवा, म्हणजे मूळ संग्रहातली वस्तू चुकून मुलांच्या हातात जाणार नाही.

मोजपट्टी

दोरीची कल्पना उचलतो आहे, कंदील. आभार.

आडवाट, "प्रश्न कोण निवडणार" हा तुमचा दुसरा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने 24 ऑगस्ट 2022 रोजी प्राग इथे संग्रहालयाची नवी व्याख्या मंजूर केली, तिच्यात समुदायांचा सहभाग हे शब्द मुद्दाम आले आहेत. त्यामागे कितीतरी वर्षांची भांडणं आहेत.

सहभाग म्हणजे काय ते केप टाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालयात दिसतं. 1966 साली वर्णभेदी सरकारने तो भाग फक्त गोऱ्यांसाठी असल्याचं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षांत 60,000 हून अधिक माणसांना तिथून हुसकावलं. घरं जमीनदोस्त केली. 1994 साली एका जुन्या चर्चच्या इमारतीत संग्रहालय उघडलं, तेव्हा जमिनीवर त्या भागातल्या रस्त्यांचा भलामोठा नकाशा अंथरला. जुने रहिवासी येतात, गुडघ्यावर बसतात आणि आपलं घर होतं त्या जागी नाव लिहितात. रस्त्यांच्या नावांच्या मूळ पाट्याही तिथे टांगल्या आहेत, पाडकाम करणाऱ्यांतल्याच एकाने त्या जपून ठेवल्या होत्या. तिथला नकाशा अभ्यासकांनी पुरा करून दाखवला नाही, लोकांकडून करून घेतला.

उंबरठा, तुम्हीही उद्घाटनाच्या आधी सहा महिने ओसरीवर एक मोठा हाताने काढलेला नकाशा आणि पेन्सिली ठेवा. बाकी काही नको. कोण काय खूण करतं, कुठल्या भागातून कोणीच येत नाही, हे बघा. जिथून कोणी येत नाही तिथे तुम्ही जा.

जुनी वही

मी बरीच वर्षं कागदपत्रांच्या दप्तरखान्यात काम केलं. मांडणीबद्दल वर उत्तम लिहिलं गेलंय, मी मागच्या कोंदट खोलीबद्दल लिहिणार आहे. संग्रहालय टिकतं किंवा बुडतं ते त्या खोलीत.

उंबरठा, मला एक सांगा. ओसरीवर जे आणून ठेवतात ते तुम्हाला वस्तू *द्यायला* येतात की *ठेवायला*? माझ्या ओळखीच्या एका ठिकाणी एका कुटुंबाने पितळी भांड्यांचा आणि पत्रांचा संच आणून दिला होता. कागद काही केला नाही, घरोबा होता. अठरा वर्षांनी पुढची पिढी आली. म्हणाली, आजोबांनी ठेवायला दिलं होतं, परत द्या. एक भाऊ म्हणे दिलं, दुसरा म्हणे ठेवलं. त्या संचावर प्रदर्शनाचं अर्धं दालन उभं होतं. शेवटी सगळं परत गेलं आणि दोन भावांत वाटलं गेलं. पत्रं कुठे गेली ते आज कोणालाच माहीत नाही. चूक आमच्यासारख्या कागद सांभाळणाऱ्यांची होती. एका पानाचं दानपत्र करायला पाच मिनिटं लागली असती.

म्हणून वस्तू दाराच्या आत येण्याआधी एक कागद. कोणी दिली, त्यांच्याकडे कशी आली, देण्याचा त्यांना अधिकार आहे का, कायमची दिली की उसनी, उसनी असेल तर कोणत्या तारखेपर्यंत. "कायमची उसनी" असला प्रकार अजिबात स्वीकारू नका. फोटो आणि पत्रं असतील तर छापण्याची परवानगी वेगळी घ्या.

मग नोंदवही. जाड कागदाची, शिवलेल्या बांधणीची, न पुसणाऱ्या शाईने लिहिलेली. संगणकावरची नोंद हवीच, पण वहीला पर्याय म्हणून नको. क्रमांकाची साधी पद्धत जगभर चालते: वर्ष, त्या वर्षातली कितवी प्राप्ती (म्हणजे एका दात्याकडून एका वेळी आलेलं सगळं), तिच्यातली कितवी वस्तू. म्हणजे 2025.14.3. ब्रिटनमध्ये 1994 पासून संग्रहाच्या नोंदी ठेवण्यासाठी स्पेक्ट्रम नावाचं मानक वापरात आहे. त्यात मूळ गरजेच्या नऊ कार्यपद्धती धरल्या आहेत. वस्तू दारात येणं, ताब्यात घेणं, जागेची नोंद, उसनवारी, बाहेर जाणं वगैरे. नऊच्या नऊ तुम्हाला पहिल्या दिवशी जमणार नाहीत, पण कुठली वस्तू या क्षणी नेमकी कुठे आहे याचं उत्तर मात्र पहिल्या दिवसापासून देता आलं पाहिजे.

क्रमांक वस्तूवर लिहायची रीत वस्तूप्रमाणे बदलते. कागदावर आणि फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, अजिबात दाब न देता. कापडावर क्रमांक लिहिलेली सुती पट्टी दोन सैल टाके घालून. धातू-लाकडावर आधी पारदर्शक रेझिनचा पातळ थर, त्यावर क्रमांक, त्यावर पुन्हा थर, म्हणजे गरज पडली तर तो काढता येतो. चिकटपट्टी कशालाही नको. तिचा डिंक पिवळा पडून आत मुरतो आणि मग आयुष्यभर निघत नाही.

उंबरठा

जुनी वही, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री झोप लागली नाही. आमच्याकडे एकशे तीसच्या वर वस्तू आहेत आणि एकाही वस्तूचा कागद नाही. द्यायला की ठेवायला, हे आम्ही विचारलंच नाही. आज सकाळपासून फोन करायला बसले आहे.

फोटोंच्या अल्बमबद्दल विचारायचं होतं. त्याची पानं चिकट आहेत, वर प्लास्टिकचा कागद. काही फोटो पिवळे पडलेत. सोडवून घेऊ का?

जुनी वही

थांबा, ओढू नका. आधी प्रत्येक पान आहे तसं वरून फोटो काढून ठेवा. कोणता फोटो कोणाच्या शेजारी लावला होता, कडेला काय लिहिलंय, ही सगळी माहिती आहे आणि फोटो सुटे झाले की ती गेली. मग जे सहज सुटतात तेवढेच सोडवा. दात साफ करायचा मेण नसलेला दोरा फोटोच्या मागून हळूहळू करवतीसारखा सरकवत नेता येतो. फोटो वाकायला लागला तर तिथेच थांबा. जे सुटत नाहीत ते पानासकट राहू देत. आणि ज्यांचा अल्बम आहे त्यांना बोलावून एकेक फोटो दाखवत बोलतं करा, रेकॉर्डर चालू ठेवून. फोटोत कोण आहे हे सांगणारं माणूस आज आहे, पुढच्या वर्षी असेलच असं नाही. माझ्या दृष्टीने हे काम छत गळत असेल तरी त्याच्या आधीचं आहे.

खोलीबद्दल. 2011 साली इक्रोम (सांस्कृतिक वारशाच्या जतनाचं काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) आणि युनेस्को यांनी मिळून जगभर पाहणी केली, तेव्हा साठवणीत पडलेल्या संग्रहांपैकी सुमारे 60 टक्के धोक्यात असल्याचं दिसलं. त्यामुळे तुम्ही एकट्या नाही. आर्द्रतामापक घ्या आणि रोज ठरलेल्या वेळी आकडा लिहा. हवेतली सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर रेंगाळली की बुरशीला आमंत्रण. काहीही थेट जमिनीवर ठेवू नका, किमान वीतभर उंच. भिंतीला टेकवू नका, मागून हवा खेळू द्या. वाळवी बऱ्याचदा भिंतीकडून येते.

नवीन आलेली वस्तू थेट आत न्यायची नाही. वेगळ्या जागी, पिशवीत बंद, दोन-तीन आठवडे नजरेखाली. कसर असलेलं लोकरी किंवा रेशमी कापड घट्ट पिशवीत बांधून उणे 18 ते 20 अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवता येतं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, पूर्ण दिवस जाऊ द्यायचा, नाहीतर आतल्या कापडावर पाणी धरतं. चित्रं, काच, हस्तिदंत यांना हा उपाय नको.

आडवाट

प्रकाशाबद्दल कोणी लिहिलं नाही. दोन्ही दालनांना खिडक्या असतील तर काय?

मोजपट्टी

खिडक्या आतून पांढऱ्या जाड कापडाने झाका. कागद, कापड, जलरंग, जुने फोटो यांच्यासाठी 50 लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) ही सर्वमान्य मर्यादा आहे. ढगाळ दिवशी खिडकीशी याच्या कितीतरी पट उजेड असतो. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की प्रकाशाचं नुकसान साठत जातं आणि भरून येत नाही. दिवसाचे आठ तास, वर्षाचे 300 दिवस, 50 लक्स म्हणजे वर्षाला 1,20,000 लक्स-तास. तेच पत्र तीन महिने मांडून मग पेटीत परत ठेवलं आणि जागी दुसरं लावलं तर त्याच्या वाट्याला पावपट येतं. शिवाय लोकांना पुन्हा यायला निमित्त मिळतं. हवं तर उत्तम छापील प्रत लावा आणि "ही प्रत आहे" असं स्पष्ट लिहा.

आता फलक. तुमच्याकडे पायाचं शिलाई मशीन आहे म्हणालात. नेहमीचा फलक असा असतो: "शिलाई मशीन. लोखंड व लाकूड. विसावे शतक." हे तर बघणाऱ्याला दिसतंच आहे. त्याऐवजी मशीनजवळ वाकून बघा. पायाखालच्या लोखंडी जाळीवरची नक्षी कुठे झिजलीय? लाकडावर टाचण्यांच्या खुणा आहेत का? खणात काय राहिलंय? मग लिहा: "जाळीची उजवी बाजू गुळगुळीत झाली आहे. ज्या बाईंनी हे वापरलं त्या उजव्या पायानेच जोर देत असत. खणात सापडलेल्या वहीत उधारीची नावं आहेत." पन्नासेक शब्दांत फलक संपवा. अक्षर मोठं, पार्श्वभूमी फिकी, मजकुराचा मध्य जमिनीपासून साधारण 145 सेंटीमीटरवर. चाकाची खुर्ची वळायला 150 सेंटीमीटर मोकळी जागा लागते, तेवढी प्रत्येक वळणावर ठेवा.

कंदील

चालवण्याबद्दल थोडं. आमच्या मुलांना मी तीनदा एका ठिकाणी घेऊन गेले, तीनपैकी दोनदा दाराला कुलूप होतं. चौथ्यांदा पालकांनी मुलांना पाठवलंच नाही. उंबरठा, आठवड्याचे सात दिवस जाहीर करू नका. तीन दिवस, रोज चार तास, पण पाऊस असो वा कोणाच्या घरी लग्न, दार उघडं. दोन माणसांची पाळी, एकटं कोणी नको. किल्ल्या दोघांकडे. पाळीच्या वहीत किती जण आले, काय विचारलं, काय पाहून थांबले, हे चार ओळींत लिहायचं. वर्षाअखेरीस त्या वहीतून पुढचं प्रदर्शन निघतं.

आडवाट

आणि पैसा. इमारतीला, कपाटांना, उद्घाटनाला देणगी मिळते कारण त्यावर नाव कोरता येतं. वीजबिलाला मिळत नाही. मी हिशेबाचं काम करतो म्हणून कळकळीने सांगतो: उभारणीच्या देणगीतला ठरावीक वाटा पहिल्याच दिवशी चालवण्यासाठी बाजूला काढा, आणि देणगीदाराला तसं आधी सांगा. तीन वर्षांचा चालू खर्च कागदावर दिसत नसेल तर एका दालनातच सुरुवात करा.

संस्थेच्या घटनेत एक कलम आत्ताच घाला. हे संग्रहालय बंद पडलं तर संग्रह कुठे जाईल? त्याचं उत्तर भांडण नसताना लिहून ठेवायचं असतं. तसंच काय स्वीकारणार नाही, हेही लिहा. प्रत्येक घरातला प्रत्येक कंदील घेतलात तर कंदिलांचं गोदाम होईल. लेखी धोरण असलं की नाही म्हणणं सोपं जातं आणि समोरच्याचा अपमानही होत नाही.

जुनी वही

आडवाट, तुमच्या शेवटच्या परिच्छेदावर माझी सही.

एक भर. सगळ्या नोंदींच्या आणि छायाचित्रांच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक प्रत इमारतीबाहेर. 2 सप्टेंबर 2018 च्या रात्री ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. तिथे दोन कोटी वस्तूंचा संग्रह होता. नंतर विद्यार्थ्यांनी लोकांना आवाहन केलं, तुम्ही तिथे काढलेले फोटो आम्हाला पाठवा. ज्यांनी कधीकाळी सहज मोबाइलवर काढले होते, त्यांच्याकडून काही वस्तूंची शेवटची छबी परत आली. एवढ्या मोठ्या संस्थेवर ही वेळ आली. आपलं तर एका खोलीत सामावेल एवढं आहे, त्याची प्रत करायला एक रविवार पुरतो.

उंबरठा

पाच महिन्यांनी परत लिहिते आहे. धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व, पण काय झालं ते सांगणं तुमचं देणं लागते.

एकशे तीसपैकी ब्याण्णव वस्तूंचे कागद झाले. एकोणीस जणांनी "ठेवायलाच दिलं होतं" असं सांगितलं, त्यातल्या अकरा वस्तू परत केल्या, आठ दोन वर्षांच्या मुदतीने उसन्या आहेत. बाकीच्यांचा माग चालू आहे.

नकाशा ओसरीवर लावला. दीड महिना लोक स्वतःच्या घरांच्या खुणा करत होते. मग एका म्हाताऱ्या बाईंनी पेन्सिल घेतली आणि घरावर खूण न करता नकाशाच्या कडेपर्यंत एक रेघ ओढली. विचारलं तर म्हणाल्या, इथून आम्ही चालत आलो. त्यानंतर लोक रेघाच ओढायला लागले. कोणी कामासाठी आलं, कोणी लग्न होऊन, कोणाचं शेत पाण्याखाली गेलं म्हणून, आणि कितीतरी रेघा बाहेर जाणाऱ्या. नकाशा आज रेघांनी काळा झालाय. आम्हाला प्रश्न मिळाला: "इथे कोण आलं, कोण गेलं, आणि जाताना काय बरोबर नेलं?"

नऊ चौकोन पुसले. पहिल्या दालनात नकाशा आणि कंदील यांची गाठींची दोरी. दुसऱ्यात फक्त चोवीस वस्तू, प्रत्येक कोणाच्या तरी प्रवासातली. मागची खोली पहिल्यांदा केली, दालनं नंतर. आर्द्रता रोज लिहितो, सध्या 58 ते 61.

किल्ली नसलेली ट्रंक देणाऱ्या कुटुंबाला बोलावलं. कागद झाला, मग त्यांच्यासमोर कुलूपवाल्याने ती उघडली. आत एकावर एक घड्या घातलेले लहान मुलांचे कपडे आणि तळाशी घराचं मोठं कुलूप. ट्रंकेचं नव्हे, घराचं. त्या कुटुंबातल्या कोणालाच ते घर कुठलं ते माहीत नाही.

जुनी वही, एक विचारायचं राहिलं. कपडे धुवायचे नाहीत हे कळतं. पण घड्या तशाच ठेवायच्या की उलगडायच्या? घडीच्या रेषेवर कापड विरत चाललंय.

जुनी वही

उलगडा, पण आधी घडीसकट चारही बाजूंनी फोटो घ्या, थर कोणत्या क्रमाने होते तेही लिहा. मग पांढऱ्या सुती कापडावर सपाट पसरा, ओढू नका, जिथपर्यंत स्वतःहून मोकळं होईल तिथपर्यंतच. पुन्हा घडी घालावी लागली तर मोडीच्या आत आम्लमुक्त कागदाची गुंडाळी ठेवा म्हणजे कापड धारेवर दुमडणार नाही, आणि घडीची जागा दर वेळी बदला.

आणि ते घराचं कुलूप कपड्यांपासून वेगळं काढा, गंज कापडाला लागतो. पण दोघांचा प्राप्ती क्रमांक एकच ठेवा.